पालकाचा नंबर अनिवार्य

"वैजेऽऽ! नऊ, शून्य, दोन, सात, सात, चार! कसला गं हा?"

तात्यांचा आवाज पुढच्या खोलीतनं निघाला, स्वयंपाकघरातनं पार झाला आणि मागं परड्यात कपडे वाळत घालणाऱ्या वैजूताईपर्यंत पोचला. वाटेत शेजारच्या दोन घरांनाही मिळाला.

"गॅसचा हाय, दादा!" ताई मागनं ओरडली.

"परवा तर टाकी आली की गं!"

"ती तुमच्या नावची. ही माझ्या नावची."

"बरं बरं. हा ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणतायत बघ," तात्या म्हणाले. हे सुद्धा तेवढ्याच मोठ्यानं.

मी तिथंच दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. हसू दाबायचा सराव होता, कारण हे रोजचं होतं.

वैजूताई म्हणजे तात्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी, इचलकरंजीला परत आली, तेव्हा तात्यांनी गल्लीसमोर सांगितलं होतं, "बहिणीची सगळी जबाबदारी माझी." आणि माणूस शब्दाला जागला हो. आधार, बँक, रेशन, गॅस, सगळीकडं नंबर तात्यांचा. बाईमाणसाला कशाला ताप? त्यामुळं ताईनं कुठलीही गोष्ट करायची ठरवली, की तिच्याआधी ते तात्यांच्या खिशात वाजायचं. मग आकडे यायचे, आणि आकड्यांच्या मागनं, शेपटीसारखं, "कसला गं हा?"

एकदा तिनं ब्लाउजपीस मागवला होता. त्याचा ओटीपी आला तेव्हा घरी पाहुणे होते. पाहुण्यांनी रंगसुद्धा विचारून घेतला.

तर मी तिथं काय करत होतो? वेबसाइट. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची. कुठला समाज ते सोडा, कुठलाही धरा, सगळ्यांकडं एक तात्या असतोच. आमचे तात्या, म्हणजे दिनकर मगदूम, सुताचे व्यापारी आणि मंडळाचे अध्यक्ष. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेला. जे काय येत होतं ते व्हिडिओ बघून आलेलं. माझं नाव धैर्यशील. ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

"धैर्या, मोबाईल नंबर कंपल्सरी कर," तात्या म्हणाले. "व्हेरिफिकेशन पाहिजे. खोटी माणसं यायला नकोत."

"करतो. मुलाचा मुलाला, मुलीचा मुलीला."

"मुलीचा कशाला?"

"मग?"

"पालकाचा. लिही, 'पालकाचा नंबर अनिवार्य'. मुलींच्या सुरक्षेसाठी."

"आणि मुलाच्या सुरक्षेसाठी?"

"मुलाला काय धाड भरलीय?"

लिहिलं. लाल चांदणीसकट.

पुनर्विवाहाचा विभाग तात्यांचा लाडका. त्याच्यासाठी त्यांनी मला वेगळा रंग निवडायला लावला, अबोली. पुनर्विवाह या विषयावर ते इतकं सुंदर बोलायचे की आजूबाजूच्या गावांतनं त्यांना बोलावणं यायचं. "समाजानं बदललं पाहिजे!" यावर टाळ्या ठरलेल्या. समाज म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. ते बोलत असायचे तेव्हा वैजूताई बहुतेक आत चहा गाळत असायची.

आता गोपनीयता धोरण. ते पाहिजेच म्हणाले, सगळ्या मोठ्या साइटना असतं. मी एका जेवण घरपोच देणाऱ्या साइटचं उचललं आणि नाव बदलून चिकटवलं. बराच काळ आमच्या वधू-वर मंडळाच्या पानावर असं लिहिलेलं होतं की आमचे डिलिव्हरी पार्टनर गरम माल तुमच्या दारात आणून देतील. एकाही माणसानं तक्रार केली नाही. कारण एकाही माणसानं वाचलं नाही. माझा त्या क्षेत्रातला तो पहिला धडा.

एसएमएसला पैसे पडतात म्हटल्यावर मंडळानं माना हलवल्या, आडव्या. म्हणून मी मिस्ड कॉलची युक्ती काढली. मंडळाचा एक जुना फोन घेतला, त्यात माझं छोटं ॲप टाकलं. नाव नोंदवलं, की त्या नंबरवरनं मंडळाला एक मिस्ड कॉल द्यायचा. रिंग वाजून कट झाली की साइटवर आपोआप हिरवी टिक. फुकट. सोपं. मिस्ड कॉल द्यायला तर आमच्या माणसांना शिकवावं लागत नाही, ते जन्मतःच येतं.

अडचण एकच. तो फोन तात्यांच्या खिशात होता. आणि तात्या कॉल मिस होऊच द्यायचे नाहीत.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत, "हॅलोऽ! कोण पाव्हणं?"

"तात्या, उचलायचा नसतो," मी सांगून थकलो. "मिस व्हायला पाहिजे. उचलला की टिक येत नाही."

"असा कसा उचलायचा न्हाई? माणूस फोन करतोय की."

शेवटी मी हरलो. फोनमध्ये त्यांना एक बटण करून दिलं. कॉल उचलायचा, चौकशी करायची, पटलं की बटण दाबायचं. म्हणजे व्हेरिफिकेशन मी केलेलं नव्हतंच, ते तात्याच होते. आणि खरं सांगू का? माझ्यापेक्षा भारी होते. तीनच प्रश्न. गाव कुठलं? मामा कुठले? घरात कर्तं कोण? तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरचा माणूस तात्यांचा कुठनं तरी पाव्हणा निघालेला असायचा. हे तंत्रज्ञान जगातल्या कुठल्याही कंपनीकडं नाही.

फक्त त्यात एक गळती होती. सकाळी कुणाच्या पोरीनं नाव घातलं ते दुपारच्या चहाला सूतबाजारात सगळ्यांना माहीत. घटस्फोट असला तर चहाच्या आधीच.

*

एका दुपारी तात्या पेढीवर गेलेले. मी साइटवरच्या तक्त्याचे रंग जुळवत बसलो होतो. वैजूताई चहा घेऊन आली, आणि नेहमीसारखी परत गेली नाही. समोर बसली.

"धैर्या, माझं नाव घालता यील का रे त्यात?"

मी कपाकडं बघितलं. मग स्क्रीनकडं. तिच्याकडं बघायचं सोडून सगळीकडं बघितलं.

"कशात?"

"डबल रोटीच्या जाहिरातीत! त्यात म्हणजे त्यात. अबोली रंगात."

"येतंय की. पण ताई, पालकाचा नंबर—"

"तेच विचारतीय. दादाला न जाता."

"तात्यांना सांगून बघितलंस?"

"गेल्या वर्षी वहिनीकडनं विषय काढला होता. चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मग म्हणाले, तुला काय कमी केलं आम्ही ते सांग." तिनं माझा कप जरा सरकवला. "काही कमी न्हाई रे. खरंच न्हाई. आता जाऊ दे. नंबर कसा करायचा तेवढं सांग. आणि दादाला कळलं तर मला गारगोटीला सासरी सोडणार, एवढं ध्यानात ठेव. तसं एकदा बोलून झालंय."

म्हणून आम्ही चौकातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. भाजीच्या पिशवीसकट, म्हणजे पुरावा तयार.

"नवीन सिम पाहिजे," मी म्हणालो.

"आधार द्या, अंगठा द्या. आणि दुसरा एखादा चालू नंबर सांगा, त्याच्यावर ओटीपी यील."

ताईनं माझ्याकडं बघितलं. "नंबर न्हाई म्हणून तर नंबर घ्यायला आलोय की."

"तसं न्हाई मॅडम. नंबर घ्यायला नंबर लागतो. घरातल्या कुणाचा तरी सांगा. मिस्टरांचा?"

"मिस्टर न्हाईत."

"मग भावाचा?"

ताई हसायलाच लागली. दुकानदाराला कळेना. मी माझा नंबर सांगितला, ओटीपी माझ्यावर आला, मी तो ताईच्या कानात सांगितला. तिनं दुकानदाराला हळू सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा ओटीपी हळू आवाजात सांगितला गेला असेल.

मग अंगठा. यंत्र घेईना. भांडी घासून घासून रेषाच पुसलेल्या. पदराला पुसून, फुंकर मारून, शेवटी एकदाचा लागला. जुना बटणांचा फोन माझ्याकडं पडून होता, त्यात सिम घातलं.

फॉर्म तिनं स्वतः भरला. एका बोटानं, पण स्वतः. नाव: वैजयंती. आडनावाला अडकली.

"माहेरचं का सासरचं?"

"तुला वाटेल ते."

"सोडता येत न्हाई?"

"तात्यांनी अनिवार्य केलंय."

तिनं आडनावाच्या रकान्यात एक टिंब टाकलं. साइटनं गुमान घेतलं. माझीच साइट, मलाच माहीत नव्हतं घेते म्हणून.

अपेक्षा या रकान्यात लोक काय काय लिहितात. गोरी पाहिजे, उंच पाहिजे, नोकरीवाली पण सुगरण. ताईनं बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'प्रश्न कमी विचारणारा असावा.'

मग आलं, पालकाचा नंबर अनिवार्य.

तिनं तिथं नवा नंबर टाकला. स्वतःचाच.

"आता मंडळाला मिस्ड कॉल द्यायचा," मी म्हणालो. "तो उचलणार कोण, माहितीय ना? थांब, मी आतनंच हिरवं करतो तुला. एक सेकंदाचं काम. तात्यांना वासही लागणार न्हाई."

"नको."

"का?"

"चोरून हिरवं कशाला? मी काय चोरी केलीय? नाव असू दे तिथं. कॉल मी करीन. मला वाटेल तेव्हा."

"आणि न्हाईच वाटलं तर?"

"तर न्हाई." तिनं फोन भाजीच्या पिशवीत टाकला. "कसला रे तू. तूबी प्रश्नच विचारायलास."

साइटवर तिची नोंद पेंडिंग राहिली. बायकांचं नाव टिक आल्याशिवाय दिसायचं नाही, एवढी एकच शहाणी गोष्ट मी त्या साइटमध्ये स्वतःच्या डोक्यानं केली होती. त्यामुळं आत नुसता नंबर, अपेक्षा आणि नावाच्या जागी राखाडी पट्टी.

*

मग मेळावा. मंगल कार्यालय, कमानी, पिवळे फेटे, माइकची शिट्टी. तात्यांनी भिंतीवर वेबसाइट दाखवायला प्रोजेक्टर भाड्यानं आणलेला आणि मला लॅपटॉपसकट स्टेजच्या कोपऱ्यात बसवलेलं. बायकांची फळी मागच्या स्वयंपाकघरात. पुऱ्यांची जबाबदारी वैजूताईकडं.

तात्यांचं भाषण झालं. समाजानं बदललं पाहिजे. टाळ्या. मग पहिल्या रांगेतनं बायजाक्का उठल्या. ऐंशीच्या आसपासची म्हातारी, कुणाचंही लग्न तिच्या नाकाखालनं गेल्याशिवाय व्हायचं नाही.

"अध्यक्ष, हे सगळं ठीक हाय. पण भिंतीवरच्या माणसाचा भरवसा काय? कोण कुठला, कुणी बघितलाय?"

हॉलमध्ये खसखस. तात्यांना लागलं.

"अक्का, आमच्याकडं एकही खोटा माणूस न्हाई. मी स्वतः फोनवर बोलून व्हेरिफाय करतो. प्रत्येकाला. दाखवू?" ते माझ्याकडं वळले. "धैर्या, पेंडिंग काढ. इथं, सगळ्यांच्या समोर करतो."

मी कीबोर्डवरनं हात काढून घेतला.

"तात्या, नेट स्लो हाय."

"मघाशी माझं भाषण लाइव्ह गेलं की! काढ."

काढलं. पहिला कागलचा एक मुलगा. तात्यांनी मंडळाच्या फोनवरनं कॉल लावला, स्पीकर चालू केला, माइक धरला. गाव, मामा, कर्तं कोण. तिसऱ्या प्रश्नाला तो तात्यांच्या साडूचा चुलत पुतण्या निघाला. बटण दाबलं, भिंतीवर नावापुढं हिरवी टिक झळकली. टाळ्या. दुसरा निपाणीकडचा. तोही कुणाचा तरी कुणीतरी. तात्या रंगात आले.

मी पान खाली ढकललं. झपाट्यानं. पण प्रोजेक्टरवर सगळं मोठं दिसतं.

"थांब थांब थांब. वर घे. ती बाईमाणसाची. अबोली." तात्यांनी भिंतीवर बोट टेकवलं. "हे बघा, पुनर्विवाह! याला म्हणतात धाडस. आणि अपेक्षा वाचा. 'प्रश्न कमी विचारणारा असावा'!" ते हसले, हॉल हसला. "कुणीतरी लई प्रश्न विचारलेले दिसतायत बाईला!"

"तात्या, ही नको. ही... अर्धवट भरलीय."

"अर्धवट कुठं? पालकाचा नंबर हाय की. लावतो."

लावला. स्पीकरवर रिंग. आणि तशीच एक रिंग, जरा उशिरानं, मागच्या स्वयंपाकघरातनं.

हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. पंखे चालू होते. मी मात्र खुर्चीतच वितळलो. त्या नंबरवर आजवर फोन करणारा जगात एकच माणूस होता. मी. आणि पुऱ्या लाटताना कोण स्क्रीन बघतं?

"हां, बोल धैर्या," वैजूताईचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला. "पुऱ्या झाल्यात, पहिला घाणा काढलाय. जेवायला सोडायलेत काय?"

मागनं लोक हसले. पुढच्या रांगेतले हसले नाहीत, ते माझ्याकडं बघायला लागले.

"धैर्या? तुझा आवाज... आरं, माझाच आवाज हॉलमधनं का यायलाय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या राखाडी पट्टीकडं. मग हातातल्या फोनकडं, जसं काय त्याच्यातनं झुरळ निघालंय. मी आयुष्यात तात्यांना पहिल्यांदा गप्प बघत होतो, आणि तेही हातात माइक असताना.

फोन चालू होता. स्वयंपाकघरातनं तेल चरचरल्याचा आवाज येत होता. ताईला आता कळलं होतं. ठेवून देऊ शकली असती. एक बटण. मी मनात म्हणत होतो, ठेव, ठेव.

ठेवला नाही.

बायजाक्काच वैतागल्या. "अहो विचारा की अध्यक्ष! कोण कुठली ते!"

तात्यांना मार्ग नव्हता. सगळा समाज समोर बसलेला, नुकताच न बदललेला. त्यांनी घसा खाकरला.

"गाव... कुठलं?"

"इचलकरंजी," ताई म्हणाली. शांत.

"मामा... कुठले?"

"तुमच्या मामाचं जे गाव, तेच माझ्या मामाचं."

आता हॉलला कळलं. कळल्याचा आवाज असतो. दोनशे लोक एकदम श्वास घेतात तसा.

तिसरा प्रश्न तात्यांनी विचारला नाही. भलताच विचारला. आवाज बारीक झाला होता, पण माइकला काय, तो बारीकही मोठाच करतो.

"पालकाचा नंबर मागितला होता आम्ही. हा कुणाचा?"

"पालकाचाच हाय, दादा. मला पाळते ती मीच की. दळण, धुणं, औषध, सगळं. तुम्ही घर दिलं, ते मी कधीच विसरणार न्हाई. पण नंबर माझा हाय."

पंखे फिरत होते. तात्यांच्या कपाळावर घाम होता. अध्यक्ष म्हणून त्यांच्याजवळ टाळ्यांचं अख्खं भाषण पाठ होतं, या घडीला चपखल बसेल असं. त्यातला एक शब्दही त्यांना आठवेना.

"राँग नंबर," ते म्हणाले, आणि कट केलं.

राँग नंबर! स्वतः लावलेला. स्पीकरवर. मी आजही कधी वाईट मूडमध्ये असलो की ते आठवतो.

पण तेव्हा कुणी हसलं नाही. तात्यांनी फोन टेबलावर ठेवला, मला म्हणाले, "पुढचा घे," आणि पाण्याचा तांब्या उचलला.

तेवढ्यात टेबलावर फोन वाजला.

मंडळाचा फोन. स्क्रीन मला बसल्या जागेवरनं दिसत होती. तिचाच नंबर. ताई कॉल करत होती. तिला वाटेल तेव्हा, असं म्हणाली होती. तर आता वाटलं होतं.

एक रिंग. तात्यांचा हात सवयीनं पुढं आला.

दुसरी रिंग. हात फोनच्या वर थांबला. तिथंच, अधांतरी.

कट.

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉल मिस होऊ दिला. हात आखडला म्हणून, का हात आवरला म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझं ॲप मात्र बिचारं इमानदार. त्याला समाज, मामा, गाव काही कळत नाही. भिंतीवर हिरवी टिक आली, राखाडी पट्टी गेली आणि भल्यामोठ्या अक्षरांत नाव उमटलं. वैजयंती. पुढं आडनावाच्या जागी एक टिंब. खाली मंडळाचं बोधचिन्ह आणि माझंच कौतुकानं लिहिलेलं वाक्य, 'मंडळातर्फे खात्री केलेली नोंद'.

"झालं की व्हेरिफाय," बायजाक्का म्हणाल्या. "आता जेवायला वाढा."

*

मला अर्थातच काढलं. "उद्यापास्नं लॅपटॉप घेऊन दारात यायचं न्हाई," एवढंच बोलले तात्या, तेही फेटा सोडता सोडता. घरी ताईचं काय झालं, ते मला चार-पाच दिवस कळलं नाही. गल्लीतनं जाताना मी कान देऊन ऐकायचो. ओरडा नाही, रडणं नाही. पुढच्या खोलीतनं आकडेही नाहीत. ताईच्या वहिनीला विचारलं तर म्हणाली, "दोघं बोलत न्हाईत, दोघं जेवतात." गारगोटीच्या एसटीची चौकशी झाल्याचंही तिनं सांगितलं. कुणी केली ते सांगितलं नाही.

मग ताईचा फोन आला.

"बँकेत चल माझ्यासंगं. नंबर बदलायचाय."

बँकेतला माणूस भला होता, म्हणजे मान वर न करता बोलणारा. अर्ज बघितला आणि म्हणाला, "जुन्या नंबरवर ओटीपी जाईल. तो सांगितला की नवीन नंबर लागेल."

"म्हणजे दादाच्या?" ताई म्हणाली.

"जो रजिस्टर आहे त्याच्यावर."

बघा म्हणजे. तात्यांच्या तावडीतनं सुटायचं, तर शेवटची किल्ली तात्यांकडंच. सुरक्षेसाठी, अर्थात. हे असलं डोकं लावणारी माणसं कुठं बसतात, मला एकदा भेटायचंय त्यांना. आमच्या मंडळावर घेऊ.

"ताई, जाऊ दे," मी म्हणालो. "नवीन खातं काढू. दुसऱ्या बँकेत."

"आणि तिथं आधारचा नंबर कुणाचा?" तिनं बटणांचा फोन काढला. "पाठवा तुम्ही," त्या माणसाला म्हणाली, आणि नंबर लावला.

पहिल्या रिंगला उचलला. सवय जाते कुठं.

"दादा, मी वैजू. तुमच्याकडं एक ओटीपी येतोय. तेवढा सांगा."

पलीकडं पेढीचा गलका. मग मेसेज आल्याचा टिंग. मग काहीच नाही. बराच वेळ. बँकेतला माणूस सुद्धा मान वर करून बघायला लागला.

आणि मग, स्पीकर नसतानाही बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या ओळखीच्या आवाजात आकडे आले. एक एक. सावकाश. ताई बोटानं काउंटरवर लिहीत होती.

आकडे संपले. मी वाट बघायला लागलो. ताईही बघत होती, मला तिच्या मानेवरनं कळत होतं. आता येणार. कसला गं हा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कसला ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की. 'मोबाईल नंबर बदलण्यासाठी'. आधीच्या प्रत्येक मेसेजमध्येही असायचं. गॅस, बँक, ब्लाउजपीस. तात्यांना वाचता येत होतं. प्रत्येक वेळी माहीत होतं कसला ते. माहिती त्यांना नकोच होती, ती तिनं सांगावी एवढंच पाहिजे होतं.

"वैजे," पलीकडनं तात्या म्हणाले.

"हां दादा."

"कुणाला सांगू नको म्हणतायत बघ."

आणि फोन ठेवला.

ताई काउंटरवर लिहिलेल्या, न दिसणाऱ्या आकड्यांकडं बघत उभी राहिली. मग तिनं ते त्या माणसाला सांगितले. अगदी हळू.

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. लोकांचे नंबर मागणारी पानं बनवतो. 'तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हे वाक्य कुठं दिसलं तर ओळखा, ते माझ्यासारख्याच कुणीतरी चिकटवलंय. हसू दाबायचा सराव तिथंही उपयोगी पडतो.

ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली, त्यानं शेवटी एकच विचारलं. मग त्या ताईंचं लग्न झालं का? कुणाशी? फोन आले का? तात्या गेले का लग्नाला?

सगळं मला माहीत आहे. ताईनं स्वतः सांगितलंय.

तिनं मला सांगितलंय. तुम्हाला नाही. तुम्हाला कशाला पाहिजे?

आणि नंबरही देणार नाही.